वालूरकर वकील कोणाचे

सेलूच्या स्टेशनरोडला मार्तंडराव वालूरकरांचं घर आणि ऑफिस एकाच पत्र्याखाली होतं. पुढच्या खोलीत टेबल, दोन लाकडी बाकं आणि लाल कापडात बांधलेल्या फायलींचं कपाट. मधलं दार उघडलं की समोर सुमंगलाबाईंचा स्वयंपाक. आत फोडणी पडली की बाहेर पक्षकार शिंकायचे.

मार्तंडराव हैदराबादला शिकलेले. पक्षकाराला ते शेवटपर्यंत 'मुवक्किल' म्हणत आणि तारखेला 'पेशी'. आवाज बारीक. कोर्टात तो त्यांनी कधी चढवला नाही, त्यामुळे न्यायाधीशांना पुढे वाकून ऐकावं लागे. कापसातून सरकी काढणाऱ्या सेलूतल्या बहुतेक जिनिंगवाल्यांची कामं त्यांच्याकडे होती. विक्रीकर, भाडेपट्टे, बाजार समितीच्या तक्रारी, आणि एखाद्या मजुराचा हात मशीनमध्ये गेला तर त्याच्या दाव्याला उत्तर देणं. ते मालकांचे वकील होते आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

मी परभणीला वकिली करत होते. वडील शाळामास्तर, घरात वकिलीची परंपरा नाही. औरंगाबादला कायदा शिकायला गेले त्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली झाल्या; कॉलेज बंद राहिलं आणि वडील मला घरी घेऊन आले. पुन्हा पाठवतील की नाही, इथून सुरुवात होती. पुढे सनद मिळाली, तेव्हा बाई वकिलाकडे पहिल्यांदा बायकाच आल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा जिनिंगमधल्या. म्हणून मार्तंडराव आणि मी दोन-तीन कामांत समोरासमोर उभे राहिलो होतो. ते कडक उलटतपासणी घेत. खोटा कागद मात्र त्यांनी कधी पुढे सरकवला नाही.

शहाऐंशीच्या सुरुवातीला माझ्याकडे कडूबाई आली. सेलूजवळच्या मोरेगावची. बरोबर नवरा सटवाजी. त्यांची थोडीशी कोरडवाहू जमीन होती, आणि कापसाचा हंगाम आला की ती जिनिंगमध्ये कामाला जायची. तिनं उजवा हात पदराखाली ठेवला होता. सटवाजीच्या अंगात पहारेकऱ्याचा खाकी कोट होता.

"वकीलबाई, मला वालूरकर वकीलसाहेबानी पाठवलंय," ती म्हणाली. "तसे माजे वकील तेच हायत. पन ते म्हनले, तुजं काम आता परभणीच्या पद्मजाबाई करतील."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "वालूरकर तुमचे वकील?"

"दोन वर्सं झाली की. बन्सीधरशेठच म्हनले हुते, जा, वकीलसाहेब तुजं सगळं बघतील."

मग तिनं हात बाहेर काढला. अंगठा तेवढा राहिला होता. ती बन्सीधरशेठच्या जिनिंगमध्ये जिनावर कापूस टाकायची. एक दिवस जिन अडकलं. मुकादम म्हणाला, बंद करू नको, हातानंच सोडव. तिनं सोडवायला हात घातला आणि रोलरनं ओढून घेतला.

बन्सीधरशेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं दवाखान्याचा खर्च केला, सटवाजीला गेटवर पहारेकरी म्हणून ठेवलं. भरपाईचं विचारलं तेव्हा त्यानं तिला वकिलांकडे पाठवलं. कडूबाई बाजाराच्या दिवशी मार्तंडरावांच्या घरी जाऊ लागली. कधी वाळकं, कधी शेवग्याच्या शेंगा घेऊन. मार्तंडराव म्हणत, "बघतो. शेठशी बोलतो." ती आत सुमंगलाबाईंजवळ बसून चहा पिई आणि गावी जाई. दोन हंगाम असे गेले.

"मग परवा काय झालं?" मी विचारलं.

"परवा सायबच आले की गावाला. सकाळच्या एस्टीनं. बाजंवर बसले, पानी प्याले, आन म्हनले, कडूबाई, मी तुझा वकील न्हाई. कधीच नव्हतो. मी शेठचा वकील हाय. मला वाटलं, माजंच काय चुकलं का काय. शेंगा नेल्या न्हाईत म्हनून रागावले का. पुन्यांदा म्हनले, मी शेठचा वकील हाय, तू दुसरा वकील बघ, आजच बघ. आन तसेच उठून गेले."

मी तिचे दवाखान्याचे कागद चाळले. कायद्यानं असा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ती मुदत संपून दोन महिने उलटले होते.

दोघांना मी सगळं समजावून सांगितलं. दावा अजून घालता येईल, पण उशीर का झाला याचं सबळ कारण न्यायाधीशांना पटवावं लागेल. ते पटलं नाही तर सगळं तिथंच संपेल. आणि दावा घातला तर सटवाजीची नोकरी जाऊ शकते. जाईलच असं नाही, पण मी त्यांच्या जागी असते तर गेली असंच धरून चालले असते.

सटवाजी पहिल्यांदाच बोलला. "मग ऱ्हाऊ द्या. हाय ते बरं हाय."

"नोकरी तुमची हाय," कडूबाई म्हणाली. "हात माजा गेलाय."

"त्या नोकरीवरच खायलोय नव्हं आपून?"

"खायलोय. म्हनून म्हनते, उद्या शेठनं काडलं तर मंग कोनत्या दारात जायचं?"

मी त्यांना घरी जाऊन विचार करायला सांगितलं. काय करावं हे माझ्याकडून ऐकायची त्यांची तयारी होती, आणि तेच मला नको होतं. आठ-दहा दिवसांनी दोघंही परत आले. सटवाजीनं खाकी कोट घातला नव्हता. वकीलपत्रावर कडूबाईनं डाव्या हाताचा अंगठा उठवला.

आता प्रश्न माझा होता. उशिराचं कारण म्हणून लिहायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. मालकाच्या वकिलाला ती आपला वकील समजत होती आणि त्या वकिलानं तिचा तो समज राहू दिला. ते लिहिलं तर न्यायाधीशांना पटण्याची शक्यता बरीच होती. पण त्यासाठी ज्या माणसानं स्वतःहून तिच्या गावी जाऊन खरं सांगितलं, त्याचंच नाव प्रतिज्ञापत्रात घालावं लागणार होतं. मालकाचा वकील समोरच्या बाईला असा सल्ला देतो, हे कळलं तर बार कौन्सिलकडे तक्रार होऊ शकत होती.

त्याच आठवड्यात मार्तंडराव परभणीला पेशीसाठी आले. बाररूममध्ये दुपारी फारसं कोणी नव्हतं. ते माठातलं पाणी घेत होते.

"साहेब, कडूबाई आली होती."

"आली का? बरं झालं."

"मुदत गेलीय तिची."

"माहीत आहे. कोणत्या दिवशी गेली तेही माहीत आहे."

मी म्हणाले, "उशीर माफ करून घ्यायचा तर कारण द्यावं लागेल. कारण एकच आहे, आणि ते तुम्ही आहात."

त्यांनी पाणी पिऊन ग्लास माठावर पालथा घातला. "लिहा," ते म्हणाले. "मी तिला जे बोललो ते तिनं आपल्या कानांनी ऐकलंय. ते तिचं आहे. त्यातला शब्द न शब्द लिहा. लागलं तर मला साक्षीला बोलवा, मी येईन. पण माझा मुवक्किल मला काय बोलला, ते माझं नाही, त्याचं आहे. ते मला विचारू नका. इथं नाही आणि कोर्टातही नाही."

"अजून मुवक्किल आहे का तो तुमचा?"

"नाही. मोरेगावहून परत येताना मी जिनिंगवर उतरलो, शेठला सांगितलं की मी तिला दुसरा वकील बघ म्हणालो, आणि त्याच्या फायली दुसऱ्या दिवशी पोचवल्या. पण जे त्यानं मला वकील म्हणून सांगितलं ते फायलींबरोबर परत जात नाही."

ते मोरेगावला का गेले, हे मला पुढे सुमंगलाबाईंकडून कळलं. मुदत उलटल्यावरही कडूबाई नेहमीसारखी आली होती. आत बसून भाकरी खाता खाता ती सुमंगलाबाईंना म्हणाली, "गावात लय जन म्हनत्यात, शेठ काय देत न्हाई. मी म्हनते, माजे वकील येवढे मोठे, मला काय काळजी?" ती गेल्यावर सुमंगलाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही तिचे वकील आहात?"

"नाही."

"मग हे तिला माहीत आहे?"

मार्तंडराव समोरची फाईल लाल कापडात बांधू लागले. सुमंगलाबाई म्हणाल्या, "मी दोन वर्षं तिला चहा पाजतेय. मला वाटलं, तुम्ही तिचं काम करताय." दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंडराव एस्टी स्टँडवर गेले.

दावा दाखल झाल्यावर बन्सीधरशेठनं परभणीचे काशीनाथराव वकील दिले. ते आमच्या बारमधले सगळ्यात जुने. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "पद्मजाबाई, हे प्रकरण वाईट पायंडा पाडेल. उद्या कोणता मालक वकिलाला विश्वासात घेईल?" बारमध्येही दोन तट पडले. काही म्हणाले, मार्तंडरावांनी मुवक्किलाशी बेइमानी केली. ज्याची फी खाल्ली त्याचं नुकसान केलं. काही म्हणाले, त्यांनी काय केलं एवढं, दुसरा वकील बघ एवढंच तर सांगितलं, आणि तेही मुदत गेल्यावर. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटत होतं. मजुराला वकील नसेल तर मालकाच्या वकिलानं त्याला सल्ला देऊ नये, हे खरंच आहे. त्याची निष्ठा दुसरीकडे असते. पण 'मी तुझा वकील नाही' हे पहिल्याच दिवशी सांगायला कोणती निष्ठा आड येते?

पहिल्या दोन तारखा वाया गेल्या. एकदा न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्यांदा नामांतराच्या मागणीसाठी शहर बंद होतं. रिक्षा नव्हत्या, आणि कडूबाई स्टेशनपासून चालत कोर्टात आली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. ती माझ्या घरी येऊन बसली. संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत गेली. सटवाजीला तोवर जिनिंगवरून काढलं होतं. हंगाम संपला, आता गरज नाही, एवढंच सांगितलं होतं.

तिसऱ्या तारखेला मार्तंडराव साक्षीला उभे राहिले. इतकी वर्षं ज्या कठड्यासमोर उभं राहून ते प्रश्न विचारायचे, त्याच्या आतल्या बाजूला. मी थोडंच विचारलं. कडूबाई त्यांच्याकडे येत होती का? येत होती. तिला काय वाटत होतं? की मी तिचं काम करतोय. तिला तसं नाही, हे कधी सांगितलं? मुदत गेल्यानंतर.

काशीनाथराव उठले. "आपण मालकाचे वकील होता?"

"होतो."

"मग मजूर बाईला सल्ला देणं आपलं काम नव्हतं."

"नव्हतं."

"आपण तिला कधी म्हणालात का, की मी तुझा वकील आहे?"

"नाही."

"म्हणजे तिचा गैरसमज तिनं स्वतःच करून घेतला."

"तिनं करून घेतला," मार्तंडराव म्हणाले. "मी तो बघत होतो. ती समोर बसून 'माझे वकील' म्हणायची आणि मी 'बघतो' म्हणायचो. बघण्यासारखं माझ्याकडे तिचं काहीच नव्हतं."

"मग दोन वर्षं गप्प राहून आपल्याला एकदम उपरती कशी झाली?"

"उपरती म्हणा. मला तिच्या पुढ्यात बसवेना, एवढंच."

काशीनाथरावांनी कागद खाली ठेवले. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. फेरतपासणीत मला आणखी एक प्रश्न विचारता आला असता. तिला ताटकळत ठेवा, असं बन्सीधरशेठनं तुम्हाला सांगितलं होतं का? कायद्यानं मार्तंडरावांना त्याचं उत्तर देता आलं नसतं, हे मला माहीत होतं. पण त्यांचं ते गप्प राहणंच न्यायाधीशांनी ऐकलं असतं. माझं वकीलपत्र कडूबाईचं होतं, मार्तंडरावांचं नव्हतं. त्यांनी विचारू नका म्हटलं म्हणून थांबायला मी बांधलेली नव्हते. कडूबाई मागच्या बाकावर बसली होती. मार्तंडराव माझ्याकडे बघत नव्हते, ते भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

"काही विचारायचं नाही," मी म्हणाले.

जे हवं होतं ते आलं आहे, असं मला त्या वेळी वाटलं. निकाल उलटा लागला असता तर मी स्वतःला काय सांगितलं असतं, ते माहीत नाही.

न्यायाधीशांनी उशीर माफ केला. त्यानंतर मूळ दावा वर्षभर चालला, पण त्यात फारसा जीव नव्हता. हात कामावर असताना गेला, हे कोणी नाकारत नव्हतं, आणि हा कायदा चूक कोणाची हे विचारत बसत नाही. कडूबाईच्या बाजूनं निकाल लागला. बन्सीधरशेठनं अपील केलं नाही, रक्कम कोर्टात भरून टाकली. सटवाजी पुढे बाजार समितीच्या गोदामावर लागला. कडूबाईनं मोरेगावात घराच्या ओट्यावर किराण्याचं लहानसं दुकान घातलं. डाव्या हातानं ती तराजू धरायची, आणि गिऱ्हाईक पारड्याकडे बघत राहिलं तर म्हणायची, "मापात काय फरक न्हाई, हाताला फरक हाय."

मार्तंडरावांविरुद्ध तक्रार झाली नाही. पण जिनिंगवाल्यांची कामं एकेक करून गेली. कोणी भांडून गेलं नाही. मुनीम यायचे, नमस्कार करायचे, फाईल मागायचे. त्यांच्याकडे फेरफार, वाटण्या, बांधाची भांडणं एवढंच राहिलं. सुमंगलाबाईंनी मुलींच्या शिकवण्या सुरू केल्या, आणि ऑफिसातली दोन्ही बाकं सकाळी त्यांना लागायची. मार्तंडराव मग कोर्टाची वेळ होईपर्यंत बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसत. कोणी नवीन माणूस आला की त्याला बसू देण्याआधी ते त्याच्या समोरच्या पक्षाचं नाव विचारत, आणि आपण कोणाचे वकील आहोत, हे सांगत. काहींना ते तुसडेपणाचं वाटे.

चार-पाच वर्षांनी बन्सीधरशेठ त्यांच्याकडे परत आला. त्याच्या आणि भावाच्या वाटणीचा तंटा होता. मार्तंडरावांनी ते काम घेतलं. मला हे कळलं तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, "साहेब, त्याचं काम कसं घेतलंत?"

"का? वाटणीत त्याचा हक्क आहे."

"त्याला दुसरे वकील नव्हते का?"

"मीही तेच विचारलं. तो म्हणाला, तुम्ही माझं नुकसान केलं, पण त्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून माझा एक शब्द बाहेर काढला नाही. भावाभावांच्या गोष्टी आहेत, त्या बाहेर जायला नकोत." मार्तंडराव थोडं हसले. "माणूस हिशेबी आहे. खोटं बोलला नाही."

मला ते तेव्हा आवडलं नाही. आता वाटतं, ते तसेच होते. त्यांना कोणाची बाजू सोडायची नव्हती, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते फक्त स्पष्ट हवं होतं, आणि ते त्यांना उशिरा कळलं.

कडूबाई पुन्हा त्यांच्या घरी गेली नाही. सेलूच्या बाजारात सुमंगलाबाई भेटल्या तर ती उभी राहून बोलायची, दुकानाचं, सुनेचं, सगळं सांगायची. सुमंगलाबाई घरी चल म्हणायच्या. ती म्हणायची, "गाडी हाय." मी एकदा तिला सरळ विचारलं. वालूरकरांनी खरं सांगितलं म्हणून तुझं काम झालं, मग एवढा राग का?

"राग न्हाई, बाई," ती म्हणाली. "खरं सांगितलं, ते मान्य हाय. गावाला आले, बाजंवर बसले, तेबी इसरले न्हाई. पन दोन वर्सं मी त्यांच्या दारात बसून ऱ्हायले. त्याना ठावं हुतं, मला ठावं नव्हतं. आता त्या दारात गेले की मला मीच तशी बसलेली दिसते."

पुढच्या पेशीला मार्तंडराव परभणीला आले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. सांगावं की नाही याचा मी विचार केला होता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले, आणि पुकारा झाला म्हणून उठून आत गेले.